टाचेखाली

कात्री गाण्याच्या बाईंच्या कानाला लागली. फार नाही, वरच्या कडेला, नखाच्या कोरीएवढंच. आधी काही दिसलंच नाही. मग एक लाल ठिपका उमटला, टपोरा झाला आणि गळ्याभोवती बांधलेल्या पांढऱ्या कापडावर पडला. तिने कापसाचा बोळा दाबून धरला, माफ करा म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि आपलाच आवाज शेजारच्या दुकानातून यावा तसा तिला ऐकू आला. पार्लर टाकल्यापासून असं कधी झालं नव्हतं. लहान मुलं खुर्चीत वळवळायची, एक आजीबाई कापता कापता झोपून जायच्या आणि मान भलतीकडेच टाकायच्या, तरी कधी नाही. कात्री हातात आली की तिची बोटं पात्याच्या टोकापर्यंत लांब व्हायची. टोकाला काय लागतंय ते तिला आधी कळायचं, डोळ्यांना मागून. आज मात्र डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे जाताना तिने उजव्या टाचेवर भार दिला आणि टाचेतून अशी कळ वर गेली की डोळ्यांपुढे काळंच आलं. तेवढा क्षणभर हात तिचा नव्हता.

"अहो ताई, कान आहे माझा," गाण्याच्या बाई आरशातून म्हणाल्या. त्या मुलींना गाणं शिकवायच्या आणि सगळा रस्ता त्यांना याच नावाने ओळखायचा. "माझं पोट आहे त्याच्यावर." मग तिचा पडलेला चेहरा बघून त्यांनी कापडाखालून हात काढला आणि तिचं मनगट धरलं. "मी मघापासून बघतेय. तुम्ही एका पायावर उभ्या आहात. काय होतंय?"

"काही नाही. पाय जरा अवघडला."

"जरा अवघडलेली बाई असे दात आवळत नाही."

कापून झालं, मानेवरचे केस ब्रशने झटकून झाले, तरी बाई खुर्चीतून उठेनात. त्यांची भाची फिजिओथेरपिस्ट होती, मागच्याच रस्त्यावर दवाखाना होता. तिच्याकडे जाऊन या, आजच जा, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. "नाहीतर पुढच्या खेपेला मी कानाला पत्रा बांधून येईन," म्हणाल्या आणि कानाला लावलेली चिकटपट्टी चाचपत निघून गेल्या. ती दारात उभी राहून हसली. बाई वळणावरून दिसेनाशा झाल्यावर तिने दाराची चौकट धरली आणि उजवा पाय जमिनीवरून उचलून घेतला.

हे आजचं नव्हतं. उन्हं कडक होती तेव्हापासून चाललेलं होतं आणि आता हवेत गारवा आला होता. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला आणि पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली कुणीतरी वाट बघत बसलेलं असायचं. फरशी तीच, खोली तीच, पण पावलाखाली एक खडा, टोकदार, नेमका त्याच जागी. ती भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायची. चहाला उकळी येईपर्यंत खडा विरघळायचा, आणि आपण उगाच बाऊ केला असं तिला वाटायचं. दिवसभर तो कुठे जायचा कोण जाणे. दुपार कलली की हळूच परत यायचा, आणि संध्याकाळी शेवटच्या गिऱ्हाईकाच्या वेळी तिच्या डोक्यात केसांपेक्षा टाचच जास्त असायची. सुरुवातीला तिला वाटलं, केस रुतला असेल. या धंद्यात ते होतंच. कापलेल्या केसाचा बारीक तुकडा काचेच्या कुसळासारखा कातडीत शिरतो, दिसत नाही आणि जीव खातो. एके रविवारी नवऱ्याने त्याच्या दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावून, पाय मांडीवर घेऊन, ती सुईने टाच उकरत बसली होती. भिंगाखाली टाच म्हणजे भेगाळलेली कोरडी जमीन दिसत होती, कुणा दुसऱ्याचीच. केस काही सापडला नाही. केस सापडला असता तर किती बरं झालं असतं! काढला आणि टाकला. मग गरम पाणी झालं, तेल झालं, रस्त्यावरच्या विक्रेत्याकडचे, चपलेत घालायचे जेलीसारखे मऊ तळ झाले, दुखऱ्या दिवशी एखादी गोळी झाली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खडा.

आणि हे सगळं तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला थोडं ठाऊक होतं, कारण एका घरात राहून लंगडणं लपत नाही. पण तो बिचारा सरळ माणूस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर यंत्रापुढे बसून काचा घासायचा, त्याची कंबर धरायची, आणि त्याला वाटायचं की उभं राहणाऱ्यांची चैन आहे. तो एकदा जेवताना म्हणाला होता, "अगं, चाकाचं उंच स्टूल मिळतं. बसून काप की." त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण 'बसून' हा शब्द ऐकल्याबरोबर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, अगदी खरोखरची, टाचेपासून निघालेली. ती ताट घेऊन उठली. "मी बसणार नाही," ती म्हणाली. नवरा घास हातात धरून बघत राहिला. आतल्या खोलीत त्यांच्याकडेच राहणारी तिची आई पलंगावर बसून जेवत होती आणि मधलं दार उघडंच होतं.

आई बसली होती. त्यांच्या घराण्यात हा शब्द असाच वापरायचे, पुढेमागे काही न जोडता. मोठी मावशी आली की दारातूनच विचारायची, "अजून बसलेलीच का?" ती स्वतः शाळेत होती तेव्हाची गोष्ट. आई तेव्हा एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. सकाळी जायची, अंधारताना यायची, आणि तिच्या अंगाला गरम कापडाचा, जरा करपल्यासारखा वास असायचा. तो वास आला की ती आणि धाकटा भाऊ दाराकडे धावायचे. मग एक दिवस वास आला नाही. आई घरातच होती, पलंगावर. पाय दुखतात म्हणाली. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, असं बाबांनी सांगितलं. आठवडा गेला, महिना गेला, आराम काही संपेना. घर हळूहळू त्या पलंगाभोवती फिरायला लागलं. पाण्याचा तांब्या पलंगापाशी, भाजी निवडायची परात पलंगावर, भांडणं पलंगापाशी, पाहुणे पलंगापाशी. आई न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायची आणि पुन्हा येऊन बसायची. तिला, शाळेतल्या मुलीला, घरातली सगळी उभ्याने करायची कामं आली. कणीक भिजवताना ओट्यापुढे उभी राहून ती आतल्या खोलीतल्या त्या बसलेल्या पाठीकडे बघायची आणि तिच्या मनात काहीतरी घट्ट होत जायचं. सोंग आहे, मावशी म्हणायची. ती फक्त उभी राहायची. पुढे केस कापण्याचं शिकली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, दिवसभर उभं राहवेल का गं तुला? आणि ती इतक्या झटकन हो म्हणाली होती की बाई दचकल्या होत्या.

म्हणून ती टाचेबद्दल बोलत नव्हती. बोललं की ते खरं होणार होतं. पार्लरच्या आरशात ती कमरेपर्यंतच दिसायची, कमरेखाली फळी होती, फळीवर कंगवे आणि फवाऱ्याची बाटली. वरची बाई हसायची, बोलायची, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करायची. खालची बाई फळीआड एका पायावरून दुसऱ्या पायावर जीव टाकत उभी असायची. आज गाण्याच्या बाईंच्या कानाच्या कडेवर रक्त आलं तेव्हा खालची बाई पहिल्यांदाच वर आली होती.

भाचीबाईंचा दवाखाना म्हणजे एका घराची पुढची खोली होती. एक उंच बाक, भिंतीला आडवे लाकडी दांडे, कोपऱ्यात मोठे रंगीत चेंडू. भाचीबाई वयाने तिच्यापेक्षा बऱ्याच लहान, केस आखूड आणि मागे वाकडे कापलेले. कुणी कापले असतील हे, असं तिच्या मनात आलंच.

"काय दुखतं?"

"पाय."

"पाय म्हणजे कमरेपासून नखापर्यंत काहीही," भाचीबाई म्हणाल्या. "मांडी पण पाय, घोटा पण पाय. आपल्याकडे एकाच शब्दात सगळं कोंबून ठेवलंय. एका बोटाने दाखवा."

तिने बाकावर बसून मोजा काढला. मोज्यातून चारदोन केस गळले, कुणाचे तरी, तांबूस, आणि तिला उगाचच लाज वाटली. तिने बोट ठेवलं. भाचीबाईंनी तिचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. हात गार होते. सबंध आयुष्य तिने दुसऱ्यांची डोकी हातात घेतली होती. कुणाला डोक्यात भोवरे किती, कुणाच्या कानामागे जुनी खूण, कुणाच्या टाळूत दुःख कसं ताठ होऊन बसतं, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं पाऊल असं कुणी हातात धरल्याचं तिला आठवेना. अंग आक्रसलं. मग अंगठा टाचेच्या आतल्या बाजूला, हाडाच्या किंचित पुढे, नेमका त्या जागी रुतला आणि ती ओरडली.

"इथेच," भाचीबाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला. "सकाळी पहिलं पाऊल टाकताना सगळ्यात जास्त? मग चाललं की कमी? बसून उठलं की पुन्हा?"

तिने मान हलवली. इतके महिने जे तिच्याशी एकटीशीच बोलत होतं त्याची भाषा या मुलीला येत होती.

मग भाचीबाईंनी स्वतःचीच चप्पल काढून तळवा वर केला आणि बोटाने रेघ ओढून दाखवलं. तळव्याच्या आत टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. त्याच्यावरच पावलाची कमान उभी. दिवसभर कडक फरशीवर एका जागी उभं राहिलं, पायात पातळ सपाट चप्पल असली, पोटरी आखडलेली असली, की हा पट्टा टाचेपाशी ओढला जातो, दुखावतो. रात्री आपण झोपतो तेव्हा तो आखडून आराम करतो. सकाळी आपण त्याच्यावर सगळं वजन टाकतो. तो ओरडतो.

"हाड वाढलं असेल," ती म्हणाली. हे तिने गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं.

"वाढलंही असेल. कितीतरी जणांचं वाढलेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. दुखतं ते बहुतेक हे."

"म्हणजे आता आराम," ती म्हणाली. तिच्याही नकळत तिने बाकाची कड घट्ट धरली होती. "बसून राहायचं."

"छे! कुणी सांगितलं? बसून राहिलात तर पोटरी आणखी आखडेल. आणि आत्ता उभ्या राहता तशाही राहू नका. थोडं उभं, थोडं बसणं, थोडं चालणं, थोडा ताण. त्या पट्ट्याला हळूहळू पुन्हा कामाला लावायचं."

थोडं. तिला तो शब्द नवा वाटला. तिच्या घरात एक तर उभं राहणं होतं नाहीतर पलंग होता. मधली जागा तिने कधी पाहिली नव्हती. भाचीबाईंनी तिला भिंतीपाशी नेलं. हात भिंतीला टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि मग सगळं अंग पुढे. पोटरीत एक जुनी, गंजलेली दोरी ताणली गेली. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पंचा बोटांना अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं. पाण्याची बाटली बर्फात गोठवून तळव्याखाली फिरवायची. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, टाचेला आधार देणाऱ्या जाड तळाच्या चपला घालायच्या. काही दिवसांनी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळूहळू वर आणि हळूहळू खाली.

"किती दिवसांत बरं होईल?"

"महिने लागतील. मध्येच एक दिवस असा येईल की वाटेल, सगळं वाया गेलं. त्या दिवशी माझ्यावर चिडू नका. आणि बसून केस कापता येत असतील तर अधूनमधून बसा की. लाज कसली?"

ती मान खाली घालून मोजा चढवत राहिली. पण पुढच्या आठवड्यात नवऱ्याने न विचारता चाकाचं उंच स्टूल आणून ठेवलं, आणि तिने ते परत करायला लावलं नाही. पहिल्यांदा त्याच्यावर टेकली तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं. खुर्चीतल्या मुलीला काही कळलंही नाही. ती आपली मोबाइलमध्ये बघत होती. केस नेहमीसारखेच पडत होते. जग जागच्या जागी होतं. फळीखाली गोठलेली बाटली होती, मोजा काढून ती त्यावर तळवा फिरवायची, आणि थंडी टाचेतून शिरून दुखण्याला बधिर करत जायची. गिऱ्हाइकं चौकशी करायची, आणि गंमत म्हणजे प्रत्येकीच्या पायात काहीतरी होतंच. कुणाच्या अंगठ्याचा सांधा, कुणाची टाच, कुणाचा बूट चावायचा. सगळ्या बायका कमरेखाली काहीतरी लपवूनच खुर्चीत येऊन बसत होत्या. नवराही रात्री तिच्या शेजारी भिंतीला हात टेकून उभा राहायचा. "मला काही झालेलं नाही," तो म्हणायचा, "पण तू एकटीच भिंत ढकलत होतीस, म्हटलं हातभार लावावा."

सकाळचा खडा लहान होत गेला. कधी कधी तो खडा नसायचाच, नुसती त्याची आठवण असायची. ती सावध पाऊल टाकायची, आणि खाली फक्त चपलेचा मऊ तळ.

मग शाळा सुरू व्हायच्या आधीचा दिवस आला. सगळ्या पोरांना एकाच दिवशी केस कापायचे असतात. दारात रांग, बाकावर आया, खुर्चीत एकामागून एक डोकी. स्टूल रांगेत अडचण करत होतं म्हणून तिने ते कोपऱ्यात सरकवलं, आणि बाटली वितळून कोमट झाली तिकडे लक्षच गेलं नाही. तिला छान वाटत होतं. हात चालत होता, पोरं हसत होती, जुनी ती परत आली होती. संध्याकाळी पार्लर बंद करताना टाच ठणकायला लागली होती, तरी ती मनात म्हणाली, उद्या बघू.

सकाळी जाग आली तेव्हा नवरा कामावर गेलेला होता. तिने पंचा वगैरे काही न घेता पाय खाली सोडला. कळ अशी आली की ती मटकन पलंगावर परत बसली. खडा नव्हता हा. पहिल्या दिवसापेक्षाही वाईट होतं. तिने पुन्हा पाय टेकवून पाहिला, आणि डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या महिन्यांची बाटली, भिंत, पंचा, सगळं कुठे गेलं? दुखणं तिथेच बसून होतं, चहा पीत, तिची मजा बघत. पार्लर उघडायची वेळ टळून गेली. ती पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिली, हात मांडीवर, समोरची भिंत बघत. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिची पाठ कशी वाकली आहे, खांदे कसे पुढे आलेत. ही बसण्याची तऱ्हा तिला फार जुन्या काळापासून ओळखीची होती. फक्त आजवर ती मागून बघितलेली होती. तर असं होतं हे, तिला वाटलं. कुणी ठरवून बसत नाही. एक सकाळ येते आणि माणूस उठत नाही, एवढंच. आतून आईची हाक आली, चहासाठी. तिने ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. मग भिंतीवरून हात घासल्याचा आवाज, पाऊल, घासणं, पाऊल.

आई दारात आली. चौकट धरून धापा टाकत होती. न्हाणीघराच्या वाटेवर ही खोली नव्हती, त्यामुळे ती इथे आल्याला किती काळ लोटला होता कुणास ठाऊक. तिने खोलीभर नजर फिरवली, जणू कुणा परक्याचं घर बघावं.

"केव्हाची हाका मारतेय. ओ का देत नाहीस?"

"उठवत नाहीये."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग दोन पावलं टाकून पलंगाची कड गाठली आणि तिच्या शेजारी टेकली. पलंग करकरला. "कुठे?"

"पाय."

"पाय नव्हे गं. कुठे?"

"उजवी टाच."

"आतल्या अंगाला? हाडाच्या जरा पुढे?"

तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"सकाळी खिळ्यावर पाय ठेवल्यासारखं होतं," आई म्हणाली, समोरच्या भिंतीकडे बघत. "न्हाणीघरापर्यंत जीव जातो. मग चहा उकळेपर्यंत सैल पडतं. वाटतं, गेलं. दुपारी पुन्हा."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"मला कोण सांगणार? माझीच टाच होती. लाँड्रीत दगडी फरशी, दिवसभर उभं, आणि पायात ती कागदासारखी चप्पल."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले की! पाय दुखतात म्हणाले. सगळ्यांना म्हणाले. डॉक्टरांनाही म्हणाले. ते काही खाली वाकले नाहीत, खुर्चीतूनच म्हणाले, आराम करा." आईच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं, फार जुनं, वापरात नसलेलं. "आराम करा म्हणाले. कधीपर्यंत ते नाही म्हणाले."

खिडकीतून उन्हाची पट्टी दोघींच्या पावलांवर आली होती. आईची पावलं तिच्यासारखीच होती, रुंद, दुसरं बोट अंगठ्याहून लांब. हे तिला कधी दिसलं नव्हतं.

"पहिले काही दिवस बरं वाटलं," आई सांगत होती. "मग उठले तर पुन्हा तेच. म्हटलं, आराम पुरा झाला नसेल. पुन्हा निजले. असं दोनतीनदा झालं. मग तुझे बाबा लाँड्रीत जाऊन सांगून आले, ती आता येणार नाही. मला विचारलं नाही त्यांनी. पण मीही नको म्हटलं नाही. पुढे टाच दुखायची कधी थांबली तेही मला आठवत नाही."

"थांबली होती?"

"थांबली असणार. वापरलीच नाही तर दुखेल कशाने? पण तोवर गुडघे धरले, पाय बारीक झाले, आणि उठायचं म्हटलं की पडेन असंच वाटायचं. मग तुम्ही सगळे इतकं नीट करत होता." ती हे साधेपणानेच म्हणाली, तक्रार नसल्यासारखं. "मावशी तुझी म्हणायची, सोंग आहे. मला वाटायचं, असेलही बाई. दुखत तर नाहीये, मग काय आहे हे?"

तिच्या आत, अगदी खोल, जे कणीक भिजवताना घट्ट होत गेलं होतं त्याची गाठ सैल होत होती आणि ते सैल होणंही दुखत होतं, पोटरीसारखं. इतकी वर्षं या बाईच्या पाठीकडे बघून ती धावत होती, आणि ती पाठ फक्त एका टाचेवर अडलेली होती. एका अंगठ्याएवढ्या जागेवर. कुणी बोट ठेवून विचारलं असतं तर.

"उठ," आई म्हणाली. तिने कोपराने तिला ढोसलं. "इथे बसू नकोस. मला ठाऊक आहे ही जागा. फार मऊ असते."

ती हसली आणि हसता हसता रडली, आणि नाक पुसून उशाशी पडलेला पंचा ओढून घेतला. तो उजव्या पावलाच्या बोटांना अडकवला आणि स्वतःकडे ओढला. टाच कुरकुरली, तळव्यातली दोरी ताणली गेली. आई बारकाईने बघत होती.

"हे काय?"

"यानं सैल पडतं. पाय टेकवायच्या आधी करायचं."

"एवढंच?"

"एवढंच. रोज."

आईने हात पुढे केला. "दे इकडे."

त्या दिवशी पार्लर दुपारी उघडलं. तिने स्टूल कोपऱ्यातून ओढून घेतलं, गिऱ्हाइकांना सांगितलं की आज बसून कापणार, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. भाचीबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आला का तो दिवस? चला, एकदाचा येऊन गेला." आईला बघायला त्या स्वतः घरी आल्या. आईच्या टाचेला आता काही नव्हतं. पायातली ताकद गेली होती आणि भीती राहिली होती. आईने त्यांना पहिल्या दिवशी 'ती पोरगी' म्हटलं, आठवड्याभराने 'आमची मास्तरीण'. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, ओट्याला धरून टाचा वर करायच्या, दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत. आई कुरकुरायची, शिव्या घालायची, एखाद्या दिवशी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायची. आणि दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून भाजीत मीठ कमी आहे म्हणायची. काही दिवस वाईट जायचे, तिचेही आणि आईचेही. पण आता घरात त्याला नाव होतं, जागा होती. सकाळी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक जायची, "कशी आहे तुझी?" आणि कुणाची काय ते दोघींनाही ठाऊक असायचं.

एका सकाळी नवऱ्याने गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईल म्हणून ती पलंगावरून उठून तशीच धावली. गॅस बंद केला, भांडं उतरवलं, ओटा पुसला, आणि मग बराच वेळ फडकं हातात घेऊन उभी राहिली. काहीतरी राहून गेलंय असं वाटत होतं. काय ते पटकन ध्यानात येईना. पायात चपलाही नव्हत्या.

आणि मग ती दुपार. खुर्चीत एक नवीन मुलगी होती, पहिल्याच नोकरीवर रुजू होणार, लांब केस कापून टाकायला आलेली आणि घाबरलेली. ती मुलीच्या मानेपाशी वाकली होती तेव्हा दाराची काच हलली. आई उंबऱ्यावर उभी होती. हातात काठी, अंगावर कपाटातली इस्त्रीची साडी, कपाळावर घाम. मागे, रस्त्याच्या पलीकडे, नवरा एका खांबाशी उभा राहून आपण या बाईला ओळखतच नाही असं दाखवत आभाळाकडे बघत होता. त्याला हात धरायची मनाई झालेली असणार. आईने पार्लर कधी पाहिलं नव्हतं. तिने आधी छत पाहिलं, मग खाली पडलेले केस, मग खुर्चीतली मुलगी आणि शेवटी लेकीच्या हातातली कात्री.

"आई!" ती म्हणाली. कात्री धरलेला हात तसाच हवेत. "अगं, बस ना. ती खुर्ची रिकामी आहे."

"नको," आई म्हणाली. "बसायला घर आहे की. तुझं चालू दे, त्या पोरीचा खोळंबा नको."

खुर्चीतली मुलगी आरशातून दोघींकडे बघत होती. तिने मुलीची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली, ओल्या केसांची एक बट उचलली आणि कापायला लागली. आई काठी भिंतीला टेकवून फळीला धरून उभी राहिली आणि बघत राहिली, कात्री कशी चालते, केस कसा पडतो. काही वेळाने तिने डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला, सावकाश, न बघता, दिवसभर उभं राहून काम करणारी बाई घेते तसा.